महांकाळ सतरा आणि मेढा एकेचाळीस

आक्का,

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तो तुमच्या तेराव्याला. पाच वर्षं आपण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कराडच्या एसटी स्टँडवर भेटत होतो. तुम्ही मेढ्याहून यायचात, मी सांगलीहून. "एकदा घरला या की मास्तर, रस्ता लय वाईट न्हाई," असं तुम्ही दर वेळी म्हणायचात आणि मी खिशातलं लिंबू काढून दाखवायचो. मला एसटी लागते. कराडपर्यंत कसाबसा तग धरतो, पुढचं नको म्हणायचो. या वेळी सातारा येईपर्यंतच दोन लिंबं संपली, पण आलो. तुम्ही असता तर दारातच हसला असतात.

तेराव्याला गेलेल्या माणसानं असं सांगू नये, पण परतताना मला सुटल्यासारखं वाटत होतं. तीन वर्षं मनावर एक धोंड होती, ती तुमच्या पडवीत उतरली. उतरवली महांकाळच्या हौसाबाईंनी, तुम्ही नाही. त्याबद्दल तुमच्यावर रागवायला हवं आणि तसा रागावलोही आहे. तुम्हाला माझा राग माहीत आहे, चहा निवायच्या आत तोही निवतो.

तुम्ही गेलातही तुमच्या मनासारख्या. "चाळीस वर्षं दवाखान्यात आजाऱ्यांची भांडी उचलली, माझं कुनी उचलू नये," एवढीच तुमची मागणी होती. शेजारच्या घरातले तुमचे पुतणे सांगत होते, शाळेतून मुलींची वजनं करून आलात, चपला काढल्या, चहा टाकायला सांगितलंत आणि चहा येईपर्यंत संपलं सगळं. ते रडत होते. मीही रडलो, पण मनात म्हटलं, आक्कांनी जमवलं.

आता जरा मागे जातो. आपली गाठ पडली ती वयात येणाऱ्या मुलींच्या पाहणीमुळे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या काही डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी मिळून ठरवलं होतं की डोंगरातल्या मेढ्याकडच्या आणि कोरडवाहू कवठे महांकाळकडच्या शाळांतल्या मुली दर वर्षी मोजायच्या. उंची, वजन, बोटाला टोचून रक्त, आणि पाळी कधी आली ते. मोजता मोजता मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल चार गोष्टी शिकवायच्या. मी सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा, माझ्याकडे आकडे आले. तुम्ही निवृत्त नर्स, तुमच्याकडे मुली. मला प्राध्यापक म्हणा, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. तुम्ही मास्तरच म्हणत राहिलात.

पहिल्या फेरीत डॉक्टरांच्या जीपमधून मी एकदाच मेढ्याच्या शाळेत आलो होतो, तेव्हा तुमचं काम पाहिलं. पाहिलं म्हणजे ऐकलं, कारण मला आणि हेडमास्तरांना तुम्ही बाहेर काढलं होतं. "सर, तुमी जरा भाईर बसा. आमचं बायकांचं बोलनं हाय." आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आत तुम्ही एकेकीच्या वर बांधलेल्या वेण्या सोडायला लावत होतात, कारण लाल रिबिनीची फुलं उंचीत धरली जातात. मग एका मुलीचा बारीक आवाज आला, "आक्का, ह्ये कवा थांबायचं?" तुम्ही म्हणालात, "तुजी नात शाळंत जाईल तवा." सगळा वर्ग हसला. त्यानंतर तासभर त्या मुली थांबेचनात, एकीचं झालं की दुसरी. हेडमास्तर चष्मा पुसत राहिले आणि मी बाकावरचे खिळे मोजले.

आपलं पहिलं भांडण एक जूनवरून झालं. आठवतं? मी कॉलेजच्या संगणकावर मुलींच्या वयाचा आलेख काढला आणि तो गुंडाळून कराडला आणला. शाळेच्या दाखल्यावरून घेतलेल्या जन्मतारखा. बहुतेक सगळ्या मुली एकाच दिवशी जन्मलेल्या, एक जून. आलेखात एकच खांब, बाकी ओसाड माळ. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण माझी स्वतःची तारीखही तीच आहे. त्या वयांवरून मी निष्कर्षही लिहून टाकला होता की महांकाळकडच्या मुली वयाच्या मानानं फार ठेंगण्या आहेत आणि फार उशिरा वयात येतात. तुम्ही तो कागद वाचलात, कॅन्टीनच्या टेबलावर पालथा घातलात आणि म्हणालात, "आवं मास्तर, पोरी ठेंगन्या न्हाईत. वय लांब हाय."

मग समजावून सांगितलंत. गुरुजी नाव घालताना जन्मतारीख कुणाला विचारत नाहीत, शाळा उघडते त्या महिन्याची पहिली तारीख टाकतात. पहिलीत बसावी म्हणून वर्ष-दोन वर्षं वर चढवतात. त्यातून धाकट्या बहिणी. थोरली एकटी शाळेत जायची नाही म्हणून सोबतीला चार वर्षांची धाकटी धाडतात, आणि दोघींचं नाव एकदम घालतात. "गुरुजींनी एका सकाळी साऱ्या गावाचं बारसं केलं," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मग खरं वय आणायचं कुठून? तुम्ही म्हणालात, आईला विचारा. मी म्हणालो, आईला तारीख माहीत नसते. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला दुसरं लिंबू काढावंसं वाटलं.

तुम्ही आईला तारीख विचारलीच नाही. तुम्ही विचारलंत, "त्ये मोठं गिराण लागलं, भर दुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या, तवा ही कुठं हुती? पोटात, मांडीवर, का चालती?" आणि आक्का, एकही आई अडखळली नाही. पोटुशी बाई ग्रहणात काय विसरेल? कुठल्या कोपऱ्यात बसवलं होतं, सासूनं विळी कशी काढून घेतली, कितवा महिना होता, पाय कसे बधिर झाले, सगळं तोंडपाठ. मी ते थोतांड समजत होतो. ग्रहणाची तारीख पंचांगात आहे, आईचा महिना तिच्या पायांत आहे, दोन्ही जोडले की मुलीचं वय महिन्यासकट निघतं. मी नवा आलेख काढला. खांब मोडला आणि माळावर सगळीकडे मुली उगवल्या. निष्कर्षाचा कागद मी फाडला. तुम्ही मात्र तो किस्सा पाच वर्षं प्रत्येक नव्या माणसाला सांगितलात.

महांकाळकडच्या कार्यकर्त्या बायकांना ही रीत शिकवायला तुम्ही तीन आठवडे तिकडे जाऊन राहिलात. राहायला हौसाबाईंचं घर होतं. त्यांची धाकटी मुलगी शालन, मधे दोन वर्षं शाळा बुडालेली, आपल्या यादीत महांकाळ सतरा. आपण यादीत नावं लिहीत नव्हतो, नुसते नंबर. तो माझाच आग्रह. फॉर्मवर पहिलं वाक्यही मीच घातलं होतं, की तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगितलं जाणार नाही. वाचता न येणाऱ्या प्रत्येक आईला ते तुम्ही वाचून दाखवायचात. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तुम्ही कराडला आलात ते एक पोस्टकार्ड घेऊन. मी तुमच्यासाठी बेदाण्याची पुडी आणली होती, तिच्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. कार्ड शालनचं. अक्षर गोल, ओळी उताराला लागलेल्या. मला ते अजून पाठ आहे: "आक्का, माझं लग्न ठरवत आहेत. एक जून झाला की मला अठरा पूर्ण होतात असे दादा म्हणतात. आई म्हणते सोळा. तुमच्या कागदावर माझे वय लिहिले आहे. शाळेत दुसरे आहे. खरे कोणते?"

"मास्तर, महांकाळ सतराचा फॉर्म द्या," तुम्ही म्हणालात.

"कशाला?"

"तालुक्याच्या साहेबापुढं ठिवते, लगीन थांबंल. पोरीला न्हान येऊन सहा म्हयनं न्हाई झालं. दाखल्यावर अठरा भरली म्हून नांदाय धाडत्यात."

मी नाही म्हणालो. फॉर्म हलकट माणसाला द्यायला नको असतो तसाच चांगल्या माणसालाही देता येत नाही, असं काहीतरी बोललो. आज एक कागद बाहेर गेला की उद्या एकही आई खरं सांगणार नाही. मग पुन्हा सगळ्या मुली एक जूनला जन्मतील, आणि पुढच्या शंभर मुलींचं खरं वय कुणालाच कळणार नाही.

"आकडं वाचिवताय का पोरगी?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"दोन्ही न्हाई वाचत मास्तर. कवाच न्हाई." अर्धा कप चहा तसाच ठेवून तुम्ही उठलात. बेदाणे टेबलावर राहिले. सांगलीच्या गाडीत मी ते सगळे एकट्यानं खाल्ले आणि शेजारी बसलेल्या विट्याच्या माणसाच्या पायांवर ओकलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तीन महिने तुम्ही आला नाहीत. फॉर्मचा गठ्ठा कंडक्टरच्या हाती यायचा, सुतळीनं बांधलेला, वर चिठ्ठी नाही. शालनचा फॉर्म माझ्या कपाटात कुलपात होता. जून आला, गेला. मी किल्ली खिशात घेऊन फिरत होतो आणि रोज एकदा वाटायचं, आज काढतो, आज जातो. गेलो नाही. पुढच्या फेरीचे महांकाळचे फॉर्म आले, त्यात सतरा नंबरापुढे दोन शब्द होते: गाव सोडले. सासरी गेली, दुसरं काय. मी त्या ओळीवर रेघ मारली आणि यादी मिटली.

तुम्ही परत यायला लागलात. आधीसारखंच बोलायचात, चिडवायचात, बेदाणे घेऊन जायचात आणि मुलींना मूठ मूठ वाटायचात. शालनचं नाव तुम्ही काढलं नाहीत, मीही काढलं नाही. मला वाटायचं, तुम्ही मला माफ केलंय आणि ते बोलून दाखवायची वेळ आणू नये. तुमच्यासमोर बसल्यावर दर वेळी प्रश्न ओठांवर यायचा, आणि मी विचारायचो, रक्ताच्या बाटल्या पुरल्या का. तीन वर्षं, आक्का. माझ्या आकड्यांची किंमत एका मुलीनं दिली, असं धरून मी तीन वर्षं शिकवलं, जेवलो, झोपलो.

आता मेढा एकेचाळीस. हे लिहिताना मला स्वतःचा कान धरावासा वाटतो. त्याच पुढच्या फेरीत तुमच्या गठ्ठ्यात हा नंबर नव्यानं आला. पहिल्या फेरीचं माप नाही, त्यामुळे तुलना कशाशी करायची? नियमाप्रमाणे मी प्रश्न लिहून पाठवला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच मुलगी, आणि उंची दोन बोटं वाढलेली. बारावीतली मुलगी, दोन बोटं? मी लाल शाईनं लिहिलं, "माप चुकले असावे. पहिल्या फेरीचे माप कोठे आहे?" तुमची चिठ्ठी उलट टपाली आली. "माप बरोबर आहे. वाढायचं वय आहे तिचं, वाढू द्या. पहिलं माप तुमच्यापाशीच आहे. हुडका."

मला राग आला. मी कागद हरवला असं तुम्ही सुचवताय, असं वाटलं. मी, ज्याच्या कपाटात टाचणीलासुद्धा जागा ठरलेली आहे. हुडकलं नाही. मेढा एकेचाळीसच्या फॉर्मवर लाल फुली मारून तो तुम्हाला परत धाडला आणि तिला तक्त्याबाहेर काढलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर वळसाही घातला नाही.

तेराव्याला तुमच्या पडवीत पंगत उठल्यावर एक काळीसावळी, उंच मुलगी ताटं उचलत होती. तिच्यामागून एक बाई आली आणि माझ्यासमोर बसली. "वळखलं न्हाई व्हय? मी हौसाबाई. महांकाळची." मी हातातला तांब्या खाली ठेवला. मी विचारलं, "शालन कशी आहे?" हौसाबाईंनी मान वळवून ताटं उचलणाऱ्या मुलीकडे बोट केलं. "ती काय."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी कराडहून तुम्ही मेढ्याला गेलाच नाहीत. तशाच महांकाळची गाडी धरलीत. हौसाबाईंना परड्यात नेऊन म्हणालात, "मास्तर कागद देत न्हाई, आन त्याचंबी बरोबर हाय. त्यो कागद त्याचा न्हाई, माझा न्हाई. तुजा हाय. तुज्या परवानगीबिगर असं लिवलंय त्यावर. मग तूच सांग." माझं वाक्य, आक्का. मला त्यातलं 'कुणालाही नाही' एवढंच लक्षात राहिलं होतं. 'तुमच्या परवानगीशिवाय' हे तुम्ही इतक्या आयांना वाचून दाखवलं होतंत, तुम्ही ते कसं विसराल.

"मी जल्मात बाप्यांच्या बैठकीत बोलले नव्हते," हौसाबाई म्हणाल्या. "नवऱ्यामुलाचा बाप मिलटरीतला सुभेदार. पान-सुपारी मांडलेली. आमच्या यांनी दाखला काढला. मी उंबऱ्यात हुबी राहिले आन म्हनले, त्यो कागद खोटा हाय. गिराण लागलं तवा ही माज्या पोटात हुती, सातवा म्हयना." त्यांचा नवरा डोळे वटारून बघायला लागला. तेव्हा आतल्या खोलीतून सुभेदाराची बायको म्हणाली, "माजा धाकटा तवा मांडीवर हुता. मी गिरान सुटस्तवर त्याला पदराखाली घिऊन बसलेले." तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजी ही पोरगी आमच्या धाकट्यापरास बारकी. त्यो अजून चड्डीत हिंडतोय." सुभेदारांनी दाखला उचलला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "खोटा कागद आमच्यात चालत न्हाई. पोरगी मोठी हुंद्या, मग बघू."

सुभेदार पुढे थांबले नाहीत, दुसऱ्या साली दुसरी सून केली. भांडण झालं नाही. पण ठरलेलं लग्न फिरलं म्हणून गावात कुजबुज, आणि वडिलांचा रोजचा धुसफुसाट. त्याच जूनमध्ये तुम्ही म्हणालात, माझ्याकडं द्या, मला घरात माणूस नाही. शालन मेढ्याला आली. तुमच्या घरात राहून अकरावी, बारावी झाली, आणि आपल्या यादीत तुम्ही तिला पुढचा नंबर दिलात. मेढा एकेचाळीस. आता ती साताऱ्यात नर्सिंग शिकते आहे.

शालन हात पुसत आली. मला म्हणाली, "सर, तुम्ही माझ्या फॉर्मवर लाल फुली मारली होती. आक्कांनी दाखवला होता. लय हसल्या. म्हणाल्या, मास्तर हुडकील, आज ना उद्या. आपन सांगायचं न्हाई." तुम्ही दर वर्षी तिला विचारायचात म्हणे, मास्तर आले का गं काय इचारायला? मी आलो नाही. म्हणजे तुम्ही वाट पाहत होतात आणि मी घाबरत होतो, त्याच टेबलाच्या दोन बाजूंना. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, आणि मी विचारायला हवं होतं. हे भांडण आता मी एकटाच भांडणार.

पण दोन्ही वाचलं, आक्का. पोरगीही आणि वाक्यही. तुम्ही नाही म्हणाला होतात आणि तुम्हीच करून दाखवलंत. परतीच्या गाडीत मला एसटी लागली नाही, हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

घरी येऊन कुलूप काढलं. दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी ठेवले. महांकाळ सतराची पहिली दोन मापं, मेढा एकेचाळीसची पुढची. एकाच ओळीत लिहून काढली. उंची वर्षाला वर्ष चढत जाते, कुठे खंड नाही, आणि हौसाबाईंच्या सातव्या महिन्यापासून मोजलेल्या वयाशी सगळं चोख बसतं. तो आलेख मी पाच वर्षं शोधत होतो. आपल्या पाहणीत दोन जिल्ह्यांनी मिळून मोजलेली ती एकच मुलगी आहे, आणि तिला मी दोनदा खोडलं होतं. येत्या दुसऱ्या शनिवारी कराडला फॉर्म घेऊन शालन येणार आहे. तुमची पिशवी तिनं घेतली आहे.

एक राहिलं. हे लिहून झाल्यावर मी महांकाळला गेलो, शालन सुटीला घरी आली होती. हौसाबाईंना आणि शालनला सबंध वाचून दाखवलं, आणि विचारलं की यात तुमची नावं आहेत, घरातलं आहे, हे लोकांपुढे ठेवू का. तुमच्या परवानगीशिवाय ठेवणार नाही. शालननं आईकडे पाहिलं. हौसाबाई शेंगा फोडत होत्या. मला वाटलं, ऐकलं नसावं.

"ठिवा की," त्या म्हणाल्या. "पर वय तेवढं खरं लिवा, मास्तर."

लिहिलं आहे, आक्का.